दुरुस्तीखाली सही कुणाची?

परभणी जिल्ह्यात विमानतळ नाही. विमान गाठायचं तर नांदेड, नाहीतर थेट छत्रपती संभाजीनगर. पण गेल्या काही वर्षांत फवारणीच्या हंगामात इथल्या शिवारात ड्रोन दिसू लागले आहेत, आणि सोयाबीन, कापूस, तुरीवर औषध मारणारा ड्रोन भारतीय कायद्याच्या नजरेत विमानच आहे. वैमानिक आत बसत नाही, धुऱ्यावर उभा राहतो, एवढाच फरक. विमानात असतं ते बरंचसं त्याच्याही पोटात असतं: दिशा सांगणारा होकायंत्र-सेन्सर, हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सेन्सर, उपग्रहाकडून जागा टिपणारा रिसीव्हर, आणि या सगळ्यांचं ऐकून मोटरींना हुकूम देणारा फ्लाइट कंट्रोलर. मोठ्या विमानात या साऱ्या इलेक्ट्रॉनिक सरंजामाला एव्हिऑनिक्स म्हणतात.

आता समजा, असा एक ड्रोन दुरुस्तीला गेला. बोर्ड बदललं, होकायंत्राचं कॅलिब्रेशन केलं, बिल झालं, ड्रोन गावी परत आला. तिसऱ्या-चौथ्या उड्डाणात तो अचानक तिरका झाला आणि टाकीतलं कीटकनाशक शेजारच्या तुतीच्या प्लॉटवर सांडून कोसळला. तुतीच्या पानावर कीटकनाशक पडलं की ती पानं खाणारी रेशीमअळीची अख्खी बॅच जाते, हे मराठवाड्यातल्या रेशीम उत्पादकाला सांगावं लागत नाही. नुकसान कोण भरून देणार? ज्याचा ड्रोन आहे तो? जी चालवत होती ती ड्रोन दीदी, म्हणजे बचत गटातली प्रशिक्षित पायलट? बोर्ड बसवणारा तंत्रज्ञ? बोर्ड बनवणारी कंपनी? की नशीब म्हणून शेजाऱ्यानेच सोसायचं?

माणसं वाहून नेणाऱ्या विमानांच्या जगाने या प्रश्नाचं उत्तर अनेक दशकं खपून, बरेच जीव गमावून तयार केलं आहे. ते आधी समजून घेतलं तर आपल्या शिवारात काय कमी पडतंय ते नीट दिसतं.

खासगी विमानाची देखभाल भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनी चालते. त्यातल्या ‘सीएआर-एम’ या नियमावलीत जबाबदारीची मांडणी अगदी स्वच्छ आहे. विमान उड्डाणयोग्य ठेवण्याची जबाबदारी मालकाची. विमान भाड्याने दिलं असेल आणि करारात किंवा नोंदणीच्या कागदात तसं स्पष्ट लिहिलं असेल, तर ती भाडेकरूकडे जाते. जो कुणी देखभालीचं काम करेल, मग ती व्यक्ती असो की संस्था, तो आपण केलेल्या कामाला जबाबदार. आणि उड्डाणापूर्वीची तपासणी नीट झाली की नाही हे पाहणं वैमानिकाचं किंवा चालक कंपनीचं काम.

या मांडणीत एक गोष्ट नजरेतून सुटू नये. मालक आणि कारागीर यांच्यापैकी एकाची जबाबदारी सुरू झाली म्हणून दुसऱ्याची संपत नाही. ‘मी तर नामांकित वर्कशॉपला दिलं होतं’ असं म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत, कारण विमान उडवायचं की नाही हा निर्णय अखेर त्याच्याकडे असतो. ‘मालकानेच घाई केली’ असं म्हणून वर्कशॉपही सुटत नाही, कारण काम त्याने केलं आहे. अमेरिकेतही नियम असाच आहे: विमान उड्डाणयोग्य राखण्याची प्राथमिक जबाबदारी मालकाची किंवा ते चालवणाऱ्याची.

हे सगळं ज्या एका कागदावर येऊन टेकतं, त्याला म्हणतात सर्टिफिकेट ऑफ रिलीज टू सर्व्हिस, बोलीभाषेत ‘सीआरएस’. विमानातली कुठलीही दुरुस्ती झाली की परवानाधारक अभियंता त्यावर सही करतो. सही कुणी करायची यालाही शिस्त आहे. इंजिन आणि सांगाड्याच्या अभियंत्याचा परवाना ‘बी-1’, एव्हिऑनिक्सच्या अभियंत्याचा ‘बी-2’. ज्याचा परवाना ज्या विमानावर, ज्या कामासाठी आहे, त्यानेच सही करायची. सुट्या भागालाही स्वतःचा कागद लागतो. एखादा उंचीमापक बाहेरच्या कार्यशाळेतून दुरुस्त होऊन आला तर त्याच्यासोबत डीजीसीएच्या पद्धतीचा ‘सीए फॉर्म 1’ किंवा परदेशी प्राधिकरणाचा तसाच दाखला हवा. तो नसेल तर तो भाग कितीही चकचकीत असला तरी विमानात बसत नाही.

सीआरएसचा मजकूर थोडक्यात असा असतो: अमुक काम ठरलेल्या नियमांप्रमाणे केलं आहे, आणि त्या कामापुरतं विमान सेवेत परत जायला तयार मानलं आहे. ‘त्या कामापुरतं’ हे शब्द फार मोलाचे आहेत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने सही केली म्हणून पंखातल्या गंजाला तो जबाबदार ठरत नाही. पण रेडिओ दुरुस्त करताना त्याने शेजारच्या उपकरणाची तार ओढली आणि जोड सैल झाला, तर ‘माझं काम रेडिओचं होतं’ एवढं म्हणून त्याला सुटता येत नाही. एव्हिऑनिक्समधले वाद बहुतेक वेळा याच सीमेवर पेटतात. पॅनेल उघडलं की एका कामासाठी दहा तारांना हात लागतो.

आणि हे दोष सापडायलाही कठीण. घासलेलं टायर डोळ्यांना दिसतं, गळणारं तेल हाताला लागतं. कनेक्टरमधली एक पिन अर्धवट दाबली गेली असेल तर ती वर्कशॉपमध्ये चालते, हवेत कंप सुरू झाला की तुटते, जमिनीवर उतरल्यावर पुन्हा जुळते. वैमानिक तक्रार लिहितो, अभियंता तपासतो, दोष सापडत नाही, ‘तपासले, ठीक आढळले’ असा शेरा पडतो. दुसरा प्रकार याहून वाईट. उपकरण बंदच पडत नाही, ते आत्मविश्वासाने खोटं सांगतं. बंद पडलेला उंचीमापक वैमानिकाला सावध करतो. दोनशे फूट जास्त दाखवणारा सावध करत नाही. म्हणूनच अमेरिकेत उपकरणांवर उडणाऱ्या विमानांचे उंचीमापक आणि रडारला उत्तर देणारे ट्रान्सपाँडर दर 24 महिन्यांनी तपासून घेण्याची सक्ती आहे, ते बिघडलेले दिसोत वा न दिसोत.

खोटं सांगणारं उपकरण काय करू शकतं याचं सर्वांत अभ्यासलं गेलेलं उदाहरण खासगी विमानाचं नाही, प्रवासी विमानाचं आहे. पण एका लहानशा दुरुस्तीची जबाबदारी कशी वाटली जाते हे त्याच्याइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही, म्हणून ते जरा तपशिलात सांगतो.

29 ऑक्टोबर 2018 रोजी लायन एअरचं बोइंग 737 मॅक्स विमान जकार्ताहून निघालं आणि काही मिनिटांत जावाच्या समुद्रात कोसळलं. 189 माणसं गेली. विमानाचे कॅप्टन भव्य सुनेजा दिल्लीचे होते, म्हणून ही बातमी आपल्याकडेही घरोघरी पोचली. विमानाच्या नाकाजवळ डाव्या बाजूला एक लहान पातं असतं. येणाऱ्या हवेशी विमान किती कोनात आहे हे ते मोजतं. ते पातं 21 अंशांनी चुकीचं सांगत होतं. नाक धोकादायकरीत्या वर उचललं गेलंय असा संगणकाचा समज झाला आणि तो वैमानिकांच्या हाताविरुद्ध नाक पुन्हा पुन्हा खाली दाबत राहिला.

हा सेन्सर आदल्याच दिवशी, 28 ऑक्टोबरला, बालीच्या देनपसार विमानतळावर बसवला होता. तो नवा नव्हता. फ्लोरिडातल्या एक्स्ट्रा एरोस्पेस नावाच्या कार्यशाळेत तो आधी दुरुस्त झाला होता. इंडोनेशियाच्या तपास समितीच्या मते कॅलिब्रेशनच्या वेळीच त्यात ही चूक शिरली. तिथे वापरलेल्या चाचणी यंत्रावर एक लहानसा स्विच होता. तो चुकीच्या जागी राहिला तर सगळी मापं सारख्याच फरकाने सरकतात आणि चाचणी तरीही उत्तीर्ण दिसते. ही शक्यता अहवालात नोंदवली आहे.

मग दोषी कोण? कार्यशाळा, हे पहिलं उत्तर. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएने, 25 ऑक्टोबर 2019 रोजी, तपास अहवाल आला त्याच दिवशी, तिचा दुरुस्तीचा परवाना रद्द केला. दुरुस्तीच्या क्षमतेच्या मान्य यादीत नसलेले भागही तिने दुरुस्त केले आणि स्वतःच्याच नियमपुस्तिकेतली पद्धत पाळली नाही, असे ठपके होते. पण अहवाल तिथे थांबला नाही. देनपसारला सेन्सर बसवल्यावर करायची चाचणी झाल्याचा विश्वासार्ह पुरावा सापडला नाही. त्या रात्रीच्या उड्डाणात तोच त्रास झाला, कॉकपिटमध्ये असलेल्या तिसऱ्या वैमानिकाच्या मदतीने विमान वाचलं, पण उतरल्यावर नोंदवहीत त्रासाचं पूर्ण वर्णन लिहिलं गेलं नाही. आणि सगळ्यात वर बोइंग: एकाच सेन्सरच्या शब्दावर विमानाचं नाक दाबणारी यंत्रणा तिने रचली, आणि वैमानिकांना तिच्याविषयी सांगितलंही नव्हतं. समितीने एकूण नऊ कारणं नोंदवली आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत असं सांगितलं.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं की साखळीतली प्रत्येक कडी नंतर शोधता आली. सेन्सरचा क्रमांक होता, तो कुठून कुठे गेला याचे कागद होते, कुणी कधी बसवला त्याची नोंद होती, आणि जिथे नोंद नव्हती तिथे ती नसणं हाच पुरावा ठरला. जबाबदारी आधी कागदावर उमटते, मग न्यायालयात. कागदच नसेल तर सगळ्यात दुबळ्या माणसावर ती ढकलली जाते.

आपल्या महाराष्ट्रातलं एक प्रकरण वेगळ्या कारणाने आठवतं. 28 जून 2018 रोजी मुंबईच्या जुहू विमानतळावरून एक किंग एअर सी-90 विमान चाचणी उड्डाणासाठी निघालं. ते पूर्वी उत्तर प्रदेश सरकारचं होतं, एका अपघातानंतर विकलं गेलं, मुंबईच्या एका खासगी कंपनीने घेतलं, आणि लांबलेल्या दुरुस्तीनंतर ही त्याची परीक्षा होती. परतताना ते घाटकोपरच्या वस्तीत, बांधकाम सुरू असलेल्या इमारतीपाशी कोसळलं. विमानात दोन वैमानिक आणि देखभालीचे दोन जण, अभियंता व तंत्रज्ञ, होते. चौघेही गेले. रस्त्यावरून जाणारा एक माणूसही गेला. दोष एव्हिऑनिक्सचा होता असं मी अजिबात सुचवत नाही. पावसाळी हवा, उड्डाणाचा निर्णय, विमानाचं नियंत्रण असे अनेक प्रश्न त्यात होते. पण दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण म्हणजे काय असतं ते या घटनेत दिसतं. ज्यांचा त्या कामाशी संबंध होता ती माणसं विमानात बसली होती. आणि खाली चालणाऱ्या पाचव्या माणसाचा त्या विमानाशी, त्या कंपनीशी, त्या दुरुस्तीशी काहीही संबंध नव्हता. जबाबदारीचा कायदा खरा या पाचव्या माणसासाठी असतो.

‘जबाबदार कोण’ या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात, आणि वर्तमानपत्री चर्चेत त्यांची कायम सरमिसळ होते. पहिला परवान्याचा: अभियंत्याचा परवाना निलंबित होईल का, कार्यशाळेची मान्यता जाईल का. हे डीजीसीएच्या हातात आहे. जुन्या 1934 च्या विमान कायद्यात 2020 साली दुरुस्ती होऊन कमाल दंड 10 लाखांवरून 1 कोटी रुपये झाला, आणि 1 जानेवारी 2025 पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. दुसरा प्रश्न फौजदारी: निष्काळजीपणाने मृत्यू झाला का. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेत ती दोन वर्षं होती. तिसरा प्रश्न भरपाईचा, आणि सामान्य माणसाला रोजच्या जगण्यात लागतो तो हाच.

भरपाईसाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. 1872 चा भारतीय करार कायदा इथे आजही ताजा आहे. आपली वस्तू दुरुस्तीसाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणं म्हणजे कायद्याच्या भाषेत निक्षेप. कलम 151 सांगतं की ती घेणाऱ्याने साधारण समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतलीच पाहिजे. कारागिराचंही रक्षण आहे: कलम 170 प्रमाणे कौशल्याचं काम केल्यावर मजुरी मिळेपर्यंत तो वस्तू अडवून ठेवू शकतो. विमानाच्या हँगरमध्ये हा हक्क वापरला गेला की मालक आणि वर्कशॉप यांचं भांडण विकोपाला जातं. पैसे दिले नाहीत म्हणून विमान अडलं, आणि काम नीट झालं नाही म्हणून पैसे अडले. अशा वेळी कामाचा आदेश लेखी नसेल तर दोघेही अंधारात चाचपडतात.

ग्राहक कायद्याचा रस्ताही आहे, पण त्याच्या दारात एक अडसर असतो: वस्तू किंवा सेवा ‘व्यापारी हेतूने’ घेतली असेल तर तुम्ही ग्राहक नाही. कंपनीच्या नावावर घेतलेल्या वस्तूचं काय? 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने एका मर्सिडीज गाडीच्या प्रकरणात म्हटलं की कंपनीने संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेली गाडी केवळ कंपनीच्या नावावर आहे म्हणून व्यापारी ठरत नाही. वापर कशासाठी होता ते पाहायचं. उद्योगपतींच्या विमानांना हा तर्क किती लागू होईल ते प्रकरणागणिक ठरेल. परभणीच्या दृष्टीने मात्र कायद्यातलं दुसरं वाक्य जास्त कामाचं आहे: स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच वस्तू घेतली असेल, तर तो व्यापारी हेतू नव्हे. 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे विस्ताराने समजावलं. टॅक्सी घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक आहे. टॅक्सींचा ताफा भाड्याने लावणारा नाही. स्वतःचा ड्रोन घेऊन गावात फवारणी करून घर चालवणारी बाई पहिल्या प्रकारात बसते असं मला ठामपणे वाटतं.

आता पुन्हा शिवारात येऊ.

12 मार्च 2021 रोजी केंद्र सरकारने मानवरहित विमानांसाठी पहिली नियमावली जाहीर केली. ती इतकी क्लिष्ट होती की सगळीकडून ओरड झाली. पाच महिन्यांत ती गुंडाळून 25 ऑगस्ट 2021 ला ड्रोन नियम आले. अर्ज 25 होते ते 5 झाले, शुल्काचे प्रकार 72 होते ते 4 झाले. कितीतरी मंजुऱ्या एका फटक्यात गेल्या, आणि रद्द झालेल्या मंजुऱ्यांच्या यादीत एक होता ‘देखभालीचा दाखला’. उड्डाणयोग्यतेचा दाखलाही गेला. राहिलं ते मॉडेलचं प्रकार-प्रमाणपत्र, प्रत्येक ड्रोनचा नोंदणी क्रमांक, आणि चालवणाऱ्याचं रिमोट पायलट प्रमाणपत्र.

ही मोकळीक नसती तर महाविद्यालयातल्या पोरांना ड्रोन बनवून पाहताच आला नसता, हे मान्य. पण नियमांनी जो ड्रोन ‘लहान’ म्हणून ओळखला, तो 2 ते 25 किलोंचा. दहा लिटर औषध घेऊन उडणारे फवारणी ड्रोन साधारण याच वर्गाच्या वरच्या टोकाला असतात. पंचवीस किलो वजन, फिरणारी पाती, ज्वालाग्राही बॅटरी आणि विषाची टाकी. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते पाठीवरच्या पंपाच्या काळात. फवारणाऱ्याला विषापासून दूर नेणारा ड्रोन ही चांगली गोष्ट आहे. पण त्याच्या पोटातलं बोर्ड कुणी उघडलं, कुणी जोडलं, हे लिहून ठेवायचं बंधन कुणावरही नाही. विहिरीवरची मोटर कुणीही रिवाइंड करून दिली तर फार तर ती पुन्हा जळते. ड्रोनचं तसं नाही. मला इथे सरकारचा निर्णय चुकलेला वाटतो. अख्ख्या दाखल्याची गरज नसेल, पण फवारणी ड्रोनच्या दुरुस्तीवर नाव, तारीख आणि सही हवी, एवढं बंधन ठेवता आलं असतं.

ड्रोनच्या बाबतीत मोठ्या विमानापेक्षा एक अडचण वाढीव आहे. प्रकार-प्रमाणपत्र एका ठरावीक रचनेला मिळालेलं असतं: हा कंट्रोलर, ही मोटर, हा वेगनियंत्रक, ही बॅटरी. गावाजवळच्या दुकानात दुसऱ्याच बनावटीचं बोर्ड बसवलं, तर उडणारा ड्रोन प्रमाणपत्र मिळालेला उरला का, हा प्रश्न उभा राहतो. मूळ कंपनी लगेच म्हणेल, आमची हमी संपली. विमा कंपनी म्हणेल, देखभाल कंपनीच्या सूचनेप्रमाणे नव्हती. आणि दुकानदार म्हणेल, मी तर फक्त सांगितलं ते बसवलं. तिघांच्या मध्ये उभी असते ती चालवणारी, जिच्या हातात रिमोट होता.

नमो ड्रोन दीदी योजनेत ही गोष्ट अंशतः लक्षात घेतली गेली आहे. 15,000 महिला बचत गटांना ड्रोन देण्याच्या या 1,261 कोटींच्या योजनेत ड्रोनच्या संचासोबत एक वर्षाची जागेवरची हमी, एक वर्षाचा सर्वंकष विमा आणि दोन वर्षांचा देखभाल करार धरलेला आहे. ड्रोनच्या किमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाख रुपये अनुदान मिळतं. गटातल्या एका बाईला पायलट आणि दुसऱ्या सभासदाला दुरुस्ती-जोडणीचा मदतनीस म्हणून प्रशिक्षण द्यायचं आहे. तरतूद चांगली आहे. पण देखभाल करार संपतो तेव्हा ड्रोन म्हातारा व्हायला लागलेला असतो. काळ्या मातीची धूळ, परभणीचा मे महिना आणि औषधाचे शिंतोडे कनेक्टरांवर बसतात ते नेमके तेव्हा बोलू लागतात.

परभणीतच याचा मार्ग सापडू शकतो. 1972 साली स्थापन झालेलं इथलं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ अभियांत्रिकीचं महाविद्यालय चालवतं, आणि राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पाखाली त्याने रोबोट, ड्रोन व स्वयंचलित यंत्रांच्या डिजिटल शेतीवर काम केलं आहे. चालवायला शिकवणं जितकं गरजेचं, तितकंच दुरुस्तीनंतर ड्रोन तपासून देणारी एक जागा गरजेची आहे: होकायंत्र खरं सांगतंय का, उंची बरोबर आहे का, चारही-सहाही मोटरी सारख्या वेगाने प्रतिसाद देतात का, संपर्क तुटला की ड्रोन ठरल्याप्रमाणे परत येतो का. टाकीत साधं पाणी भरून, मोकळ्या रानात, विजेच्या तारांपासून लांब, तासाभराचं काम. त्याखाली तपासणाऱ्याची सही.

तोवर मालकाने स्वतःच हा कागद मागून घ्यायचा. दुरुस्तीला देताना तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहावी: ‘ड्रोन डावीकडे ओढतो’, ‘तिसऱ्या फेरीला उंची सोडतो’. ‘सर्व्हिसिंग’ एवढाच शब्द लिहू नये. त्याखाली काहीही झाकलं जातं. परत घेताना जॉब कार्डावर चार गोष्टी असाव्यात: कोणता भाग काढला, कोणता घातला आणि त्याचा क्रमांक काय, सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती टाकली, कॅलिब्रेशन व चाचणी उड्डाण कुणी केलं. काढलेला जुना भाग परत मागावा. पहिलं उड्डाण पाण्यावर घ्यावं, औषधावर नाही. आणि वैमानिकाच्या तपासणीचा जो नियम मोठ्या विमानाला आहे तो इथेही आहे असंच समजावं, कारण उद्या वाद झाला तर पहिला प्रश्न ‘उडवण्याआधी काय पाहिलं?’ हाच येणार.

अपघात झालाच तर ड्रोन नियमांप्रमाणे रिमोट पायलटने 48 तासांत डिजिटल स्काय संकेतस्थळावर तो कळवायचा असतो. दंड होईल या भीतीने बहुतेकांना हे टाळावंसं वाटतं, पण ती नोंद तुमच्याच बाजूची असते: काय झालं हे तुम्ही लगेच सांगितलं, लपवलं नाही. तिसऱ्याच्या नुकसानीबाबत ड्रोन नियमांनी मोटार वाहन कायद्याची विमा व भरपाईची तत्त्वं ड्रोनला लागू केली आहेत. अडीचशे ग्रॅमच्या आतला नॅनो ड्रोन सोडला तर हा विमा हवाच. म्हणजे तुतीवाल्या शेजाऱ्याला दुरुस्ती कुणी बिघडवली याची उठाठेव करावी लागू नये. त्याची भरपाई विम्यातून व्हावी, आणि मालक, कारागीर, कंपनी यांनी आपापसांत नंतर निस्तरावं. विम्याची मुदत संपलेली असेल तर मात्र हा सगळा आधार जातो, आणि शेजाऱ्याशी सात पिढ्यांचं वैर सुरू होतं.

कारागीर किंवा कंपनीविरुद्ध जायचं तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे. तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार करता येते. कंपनी चेन्नईची असो की गुरुग्रामची, पालमच्या किंवा सोनपेठच्या माणसाला परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगातच जाता येतं, आणि मोबदला 50 लाखांपर्यंत असलेली प्रकरणं तिथे चालतात. फवारणी ड्रोन सहज त्यात बसतो. मुदत दोन वर्षांची. याच कायद्यात सदोष उत्पादनासाठी निर्माता, विक्रेता आणि सेवा देणारा या तिघांवर स्वतंत्र जबाबदारी ठेवली आहे.

अडचण येते ती पुराव्याची. उड्डाणाची सगळी नोंद ड्रोनच्या कंट्रोलरमध्ये असते: कोणत्या क्षणी होकायंत्राने काय सांगितलं, कोणती मोटर आधी मंदावली. ती नोंद काढून वाचायची साधनं बहुतेकदा कंपनीकडेच असतात. म्हणजे ज्याच्यावर आरोप करायचा त्याच्याच हाती पुरावा द्यायचा. पडलेला ड्रोन ‘बघतो काय झालंय’ म्हणून सेवाकेंद्रात गेला, आणि आठ दिवसांनी ‘पायलटची चूक’ असा एका ओळीचा निरोप आला, की प्रकरण तिथेच संपतं. वस्तूतला दोष चाचणीशिवाय कळणार नसेल तर ती मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे. तेवढ्यासाठी ती वस्तू अपघातानंतर होती तशी राहिलेली असायला हवी. म्हणून बॅटरी सुरक्षितपणे काढून बाजूला ठेवावी, पडल्या जागेचे आणि प्रत्येक तुकड्याचे फोटो घ्यावेत, पंचांसमोर साधा पंचनामा करावा, आणि कंट्रोलरचं बोर्ड कुणालाही उघडू न देता पिशवीत बंद करून घरात ठेवावं. कंपनीचा माणूस न्यायला आला तर त्याला लेखी विचारावं, नोंद कोणासमोर काढणार आणि तिची प्रत कधी देणार, आणि उत्तर येईपर्यंत ती पिशवी हातची सोडू नये.